थायरॉइडचा कॅन्सर : चीर गळ्यावर की काखेत?

गळ्यात गाठ लागली, सोनोग्राफी झाली, सुईने तपासणी झाली आणि कागदावर 'पॅपिलरी कार्सिनोमा' असे आले. त्या दिवसापासून कोकणातल्या घरात दोन चर्चा सुरू होतात. पहिली, पेशंटला मुंबईला न्यायचे, कोल्हापूरला की गोव्यात बांबोळीच्या रुग्णालयात. दुसरी, कुणीतरी व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या जाहिरातीची : 'रोबोटिक थायरॉइड सर्जरी, गळ्यावर एकही टाका नाही.' मुलगी लग्नाची असेल तर दुसरी चर्चा पहिलीला कधीच मागे टाकते.

रोबोटमुळे बदलतो तो ग्रंथीपर्यंत पोचायचा रस्ता आणि व्रणाची जागा. ग्रंथी काढायचे मूळ काम, त्यातले धोके आणि नंतरची औषधे तीच राहतात. एवढे डोक्यात पक्के ठेवून पुढे वाचा.

ग्रंथी आणि तिचा शेजार

थायरॉइड, म्हणजे पाठ्यपुस्तकातली अवटू ग्रंथी, कंठमण्याच्या खाली श्वासनलिकेला पुढून चिकटलेली असते. डावा आणि उजवा असे दोन भाग, मध्ये त्यांना जोडणारी अरुंद पट्टी. सगळे मिळून वजन वीसएक ग्रॅम. ग्रंथी कापून काढण्यापेक्षा तिचा शेजार सांभाळणे अवघड. प्रत्येक भागाच्या मागून, श्वासनलिका आणि अन्ननलिका यांच्यामधल्या खाचेतून, जेमतेम दोन मिलिमीटर जाडीची एक पांढरी नस स्वरयंत्राकडे जाते. तिला आपण आवाजाची नस म्हणू. ग्रंथी श्वासनलिकेला सर्वांत घट्ट जिथे बांधलेली असते, नेमकी तिथेच ही नस तिला खेटून जाते. एका बाजूची दुखावली तर आवाज घोगरा होतो, पाणी पिताना ठसका लागतो. दोन्ही बाजूंच्या दुखावल्या तर श्वासच अडतो आणि गळ्याला छिद्र पाडून नळी घालायची वेळ येऊ शकते. ग्रंथीच्या वरच्या टोकाशी आणखी एक बारीक नस असते. ती उंच पट्टीतला आवाज सांभाळते. भजनात गाणाऱ्यांनी, दशावतारात काम करणाऱ्यांनी, शाळेत शिकवणाऱ्यांनी आपले काम काय ते सर्जनला पहिल्याच भेटीत सांगावे.

दुसरा शेजार म्हणजे पॅराथायरॉइड. थायरॉइडच्या पाठीला चिकटलेल्या, सहसा चार, मसुरीच्या दाण्याएवढ्या पिवळसर तपकिरी ग्रंथी. थायरॉइडशी त्यांचे नावापुरतेच नाते. त्या रक्तातले कॅल्शियम सांभाळतात. आजूबाजूच्या चरबीत त्या सहज मिसळून दिसतात, आणि त्यांना रक्त पुरवणारी वाहिनी इतकी नाजूक असते की ग्रंथी जागेवर राहूनही तिचे रक्त तुटू शकते.

कोणतीही थायरॉइड शस्त्रक्रिया चांगली की वाईट हे या नसांवर आणि या मसुरीएवढ्या ग्रंथींवर ठरते.

रोबोटच्या आधीचा प्रश्न : काढायचे किती?

थायरॉइडच्या कॅन्सरमध्ये दहातले आठ किंवा त्याहून अधिक पॅपिलरी प्रकारचे असतात. हा बहुधा संथ चालीचा आजार. लवकर सापडलेल्या, कमी धोक्याच्या रुग्णांत दहा वर्षांनंतरही शंभरातले पंचाण्णवहून अधिक जण हयात असतात. वय ५५च्या आत असेल तर पसरलेला पॅपिलरी कॅन्सरसुद्धा पहिल्या किंवा दुसऱ्याच टप्प्यात मोजतात. हा नियम थायरॉइडबाहेरच्या कॅन्सरांत सापडणार नाही. फॉलिक्युलर प्रकार त्याहून कमी आढळतो. मेड्युलरी प्रकार थोड्यांना होतो, त्यातला काही घराण्यात चालत येतो, आणि त्यासाठी कॅल्सिटोनिन ही रक्ततपासणी लागते. ॲनाप्लास्टिक क्वचित होतो, पण तो फार वेगाने वाढतो. शेवटच्या या दोन प्रकारांत रोबोटचा विषय काढू नये. तिथे डोळ्यांसमोर उघडा गळा लागतो.

सुईच्या तपासणीचा निकाल 'बेथेस्डा' नावाच्या १ ते ६ या श्रेणीत देतात. २ म्हणजे साधी गाठ, ६ म्हणजे कॅन्सर. मधल्या ३ आणि ४ मध्ये नक्की सांगता येत नाही, आणि नेमक्या याच आकड्यांवर घाईने शस्त्रक्रिया ठरवल्या जातात. अशा वेळी तपासणीच्या काचा दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला दाखवून घ्याव्यात. त्या काचांवर रुग्णाचा हक्क असतो, मागितल्या की मिळतात.

कॅन्सर पक्का असला तरी सगळी ग्रंथी काढावीच लागते असे नाही. अमेरिकन थायरॉइड असोसिएशनच्या २०१५च्या मार्गदर्शक सूचनांनुसार गाठ चार सेंटिमीटरच्या आत असेल, ग्रंथीबाहेर गेली नसेल आणि मानेतल्या लसीका ग्रंथींत पसरली नसेल, तर एकच बाजू काढून भागते. एक बाजू ठेवली तर त्या बाजूची नस आणि दोन पॅराथायरॉइड यांना हातच लागत नाही, आणि काहींना जन्मभराची गोळीही लागत नाही. एक सेंटिमीटरहून लहान गाठीला जपानमध्ये कोबेच्या कुमा हॉस्पिटलने १९९३ पासून आणखी वेगळा मार्ग दाखवला : शस्त्रक्रिया न करता ठरावीक काळाने सोनोग्राफी करत राहायचे, वाढली तरच काढायची. बहुतेकांच्या गाठी वर्षानुवर्षे तशाच राहिल्या.

इथे दक्षिण कोरियाचे उदाहरण लक्षात ठेवण्यासारखे आहे. तिथे आरोग्य तपासणीच्या पॅकेजमध्ये गळ्याची सोनोग्राफी घुसली आणि १९९३ ते २०११ या काळात थायरॉइड कॅन्सरचे निदान पंधरा पटींनी वाढले. मृत्यूंचे प्रमाण मात्र होते तिथेच राहिले. म्हणजे ज्या गाठींनी कधीच त्रास दिला नसता त्या शोधून शोधून काढल्या जात होत्या. हजारो तरुण स्त्रिया, लहान गाठी आणि गळ्यावरच्या व्रणाची लाज या परिस्थितीतच सोलच्या योन्से विद्यापीठात २००७च्या अखेरीस काखेतून रोबोटिक थायरॉइड शस्त्रक्रिया सुरू झाली. हे तंत्र व्रण लपवण्याच्या गरजेतून जन्मले. कॅन्सर अधिक चांगला बरा करण्यासाठी ते निघाले नव्हते, आणि ज्यांनी ते काढले त्यांनी तसा दावाही केला नव्हता. तो दावा जाहिरातींनी मागाहून चिकटवला.

गळ्यावरून : नेहमीची शस्त्रक्रिया

स्वित्झर्लंडमधल्या बर्नचे सर्जन थिओडोर कोखर यांनी ही पद्धत घडवली. त्यांच्या सुरुवातीच्या काळात अशा शस्त्रक्रियांत दर शंभरातले दहाहून अधिक रुग्ण दगावत. त्यांच्या हयातीतच हे प्रमाण एकाच्याही खाली आले, आणि १९०९चे नोबेल त्यांना मिळाले. आजची चीर त्यांच्या काळापेक्षा बरीच लहान, सहसा चार ते सहा सेंटिमीटर. रुग्णाला बसवून, मान ताठ असताना त्वचेची नैसर्गिक घडी कुठे पडते ते पाहून आधीच पेनने खूण करतात. झोपवून मान मागे टाकल्यावर खूण केली तर व्रण पुढे भलतीकडे, छातीवर उतरतो.

चिरेतून त्वचेचा पडदा वर-खाली मोकळा करतात. मधले उभे स्नायू न कापता मधोमध विलग करतात, आणि ग्रंथी समोर येते. वरच्या टोकाच्या रक्तवाहिन्या बांधायच्या, ग्रंथी मध्याकडे वळवायची, नस शोधायची, तिच्यावरून हलक्या हाताने ग्रंथी सोडवत न्यायची, वाटेत पॅराथायरॉइड रक्तपुरवठ्यासह बाजूला उतरवून ठेवायच्या. एखादीचे रक्त तुटलेच तर तिचे बारीक तुकडे करून मानेच्या स्नायूत रोवतात. ती तिथे पुन्हा रुजते. एका बाजूला तास-दीड तास, दोन्हीला दीड-दोन तास. रक्तवाहिनी बंद करणाऱ्या यंत्राची उष्णता दोन-तीन मिलिमीटरपर्यंत पसरते, म्हणून नसेजवळ ते न वापरता दोरा किंवा क्लिप वापरणारा सर्जन शहाणा. नस चालू आहे का हे दाखवणारे यंत्रही असते, ते कोणत्याही पद्धतीत लावता येते.

व्रणाचे काय? पहिले दोन-तीन महिने तो लाल आणि टणक असतो, आरशात पाहून धीर सुटण्याजोगा. वर्षभरात बहुतेकांचा फिकट होऊन घडीत मिसळतो. टाके निघाल्यावर सिलिकॉन जेल, आणि उन्हात जाताना सनस्क्रीन किंवा ओढणी; किनाऱ्यावरच्या उन्हात हे टाळले तर व्रण काळा पडतो. ज्यांचे व्रण जाड होऊन फुगतात, म्हणजे ज्यांना केलॉइड होते, त्यांनी कान टोचल्याच्या किंवा जुन्या जखमेच्या खुणा सर्जनला दाखवाव्यात. केलॉइडची खोड छातीवर आणि खांद्यावर अधिक असते, त्यामुळे चीर गळ्यावरून खाली सरकवली की प्रश्न सुटला असे होत नाही.

रोबोट नेमके काय करतो?

स्वतःहून काहीच नाही. सर्जन त्याच खोलीत, टेबलापासून काही फुटांवर एका यंत्रात डोके घालून बसलेला असतो. रुग्णाच्या अंगात कॅमेरा आणि बारीक हत्यारे असलेले तीन-चार यांत्रिक हात असतात. सर्जनची बोटे हलली की हत्यारांची टोके हलतात. दृश्य खोलीसह आणि दहा पटींपर्यंत मोठे दिसते. हाताचे बारीक कंपन गाळले जाते. हत्याराचे टोक मनगटासारखे वळते. साध्या दुर्बिणीच्या ताठ हत्यारांना ते जमत नाही. उणीव स्पर्शाची. आजवरच्या बहुतेक यंत्रांत बोटाला ऊतीचा ताण किंवा टणकपणा कळत नाही, सर्जन डोळ्यांनी अंदाज बांधतो. दाब जाणवणारी नवी यंत्रे हल्ली येऊ लागली आहेत.

रस्ते तीन-चार आहेत. काखेतून : काखेच्या घडीत पाच-सहा सेंटिमीटरची चीर, तिथून छातीच्या मोठ्या स्नायूवरून, गळपट्टीच्या हाडावरून बोगदा करत ग्रंथीपर्यंत. दोन्ही काखा आणि दोन्ही स्तनांच्या गडद भागाची कड मिळून चार लहान छिद्रांतून. कानामागून केसांत जाणाऱ्या चिरेतून. आणि तोंडातून : खालच्या ओठाच्या आत तीन छेद, हनुवटीवरून खाली, कमी दाबाचा कार्बन डायऑक्साइड भरून जागा करत. तोंडाच्या मार्गात बाहेर बहुधा कुठेच व्रण राहत नाही. तो थायलंडमधल्या सर्जननी साध्या दुर्बिणीने केलेल्या कामामुळे जगभर पसरला, आणि आजही रोबोटशिवाय होतो. 'गळ्यावर टाका नको' एवढीच अट असेल तर रोबोटचा खर्च न करता दुर्बिणीचा पर्यायही विचारता येतो. जाहिरातीत हे सहसा नसते.

'कमी चिरफाड' म्हणतात ते खरे का?

या एका शब्दाने सर्वांत जास्त घोळ घातला आहे. पित्ताशय किंवा गर्भाशय काढताना पोटात आयती पोकळी असते, म्हणून दुर्बिणीने किंवा रोबोटने चिरफाड खरोखर कमी होते. थायरॉइडचे उलटे आहे. ती त्वचेखाली दोन बोटांवर. खळ्यातून पडवीत आणि पडवीतून थेट माजघरात जायचा सरळ रस्ता सोडून मागीलदारच्या परड्यातून, गोठ्याला वळसा घालून त्याच माजघरात शिरावे, तसा हा प्रकार. आतले काम तेवढेच, वाट लांब. समोरचे खळे मात्र सारवलेले राहते.

काखेतून जाताना वेगळी केलेली त्वचा आणि स्नायू यांचे क्षेत्र गळ्याच्या चिरेपेक्षा कितीतरी मोठे असते. छातीच्या वरच्या भागात बधिरपणा, ओढल्यासारखे वाटणे, खांदा जखडणे हे काही आठवडे, काहींना काही महिने राहते. हात बराच वेळ वर बांधून ठेवल्याने हाताच्या नसांचा गुच्छ ताणला जाऊ शकतो. गळ्यावरच्या शस्त्रक्रियेत हा धोका नसतोच. तोंडाच्या मार्गात हनुवटी-ओठ बधिर होणे, तोंडातल्या जंतूंचा संसर्ग, आणि क्वचित, पण जिवावर बेतणारे, रक्तवाहिनीत वायू शिरणे. हे सगळे विरळ आहे. पण हे नवे धोके आवाजाच्या नसेच्या आणि कॅल्शियमच्या जुन्या धोक्यांवर चढतात, त्यांची जागा घेत नाहीत. वेळही तासभर किंवा अधिक जास्त लागतो, म्हणजे भूलही तेवढी लांबते.

अचूक यंत्र आहे, मग कॅन्सर जास्त चांगला निघत नाही का?

निवडक रुग्णांत, अनुभवी केंद्रांत, दोन्ही पद्धतींचे निकाल जवळपास सारखे आले आहेत : आवाज, कॅल्शियम, आणि शस्त्रक्रियेनंतर रक्तात उरलेले थायरोग्लोब्युलिन, म्हणजे थायरॉइडच्याच पेशी तयार करतात ते प्रथिन. काही अभ्यासांत रोबोटने मानेच्या मधल्या भागातल्या लसीका ग्रंथी थोड्या कमी काढता आल्या. दिसण्याबाबतचे समाधान रोबोटच्या बाजूने स्पष्ट आहे. यात 'निवडक' हा शब्द वाचताना निसटू देऊ नका. रोबोटने झालेल्यांच्या गाठी मुळातच लहान, वय कमी, अंग सडपातळ. त्यांचे निकाल चांगले लागणारच होते.

अमेरिकेचे औषध प्रशासन, म्हणजे एफडीए, याने फेब्रुवारी २०१९मध्ये कॅन्सरच्या शस्त्रक्रियांत रोबोट वापरण्याबद्दल जाहीर सावधगिरीची सूचना दिली. कॅन्सर परत न येणे किंवा आयुष्य वाढणे या कसोटीवर रोबोटची सुरक्षितता आणि उपयुक्तता सिद्ध झालेली नाही, असा तिचा आशय. सूचनेचा मुख्य रोख स्तनाच्या शस्त्रक्रियेवर होता, पण लागू सगळ्यांना होतो.

एक धोका तांत्रिक वाटतो, पण समजून घेण्यासारखा आहे. गाठ अरुंद बोगद्यातून ओढून काढताना तिचे आवरण फाटले तर कॅन्सरच्या पेशी वाटेत सांडू शकतात, आणि पुढे छातीच्या बोगद्यात गाठी उगवल्याच्या नोंदी आहेत. फुटलेल्या गाठीवरून पॅथॉलॉजिस्टला आवरणाबाहेर पसरला होता का हेही नीट सांगता येत नाही. गाठीच्या आकाराची मर्यादा एवढ्यासाठीच.

मग रोबोट कोणी निवडावा?

अंग सडपातळ, गाठ लहान (कॅन्सर असल्यास साधारण दोन सेंटिमीटरच्या आसपास, तीनच्या वर नाही), ग्रंथी फार सुजलेली नाही, मानेच्या बाजूला पसरलेली नाही, आधी मानेवर शस्त्रक्रिया किंवा रेडिएशन झालेले नाही, आणि गळ्यावरच्या व्रणाची मनापासून चिंता आहे. असे असेल तर रोबोट हा समंजस पर्याय आहे. व्रणाची चिंता 'थिल्लर' म्हणून उडवून लावणारे डॉक्टरही भेटतात, ते चूक. रोज चारचौघांत 'गळ्याला काय झालं?' हे ज्याला ऐकायचे आहे त्याने ठरवावे. मात्र ठरवताना गळ्याचा वर्षभराने झालेला व्रण फोटोत पाहून ठरवावे, ताज्या टाक्यांचा पाहून नाही.

गाठ श्वासनलिकेला किंवा नसेला चिकटलेली, बाजूच्या मानेत पसरलेली, छातीत उतरलेला मोठा गलगंड, दुसऱ्यांदा होणारी शस्त्रक्रिया : इथे गळ्यावरूनच. काही कोरियन केंद्रे बाजूच्या मानेचे कामही रोबोटने करतात. ते बघून आपल्याकडे कुणी आग्रह धरला तर त्यांनी स्वतः अशा किती केल्या हा साधा प्रश्न विचारावा.

'आमचे डॉक्टर रोबोट वापरत नाहीत. मागे पडले का?'

यंत्रापेक्षा हात महत्त्वाचा, हे इथे आकड्यांत मांडता येते. अमेरिकेतल्या मोठ्या नोंदींच्या अभ्यासात वर्षाला पंचवीसहून अधिक पूर्ण थायरॉइड शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनच्या रुग्णांत गुंतागुंत कमी आढळली. काखेतल्या रोबोटिक पद्धतीत हात बसायला चाळीस-पन्नास शस्त्रक्रिया लागतात, असे ती पद्धत सुरू करणाऱ्यांचेच म्हणणे. त्या पहिल्या चाळिसांत आपण नसावे असे वाटणे स्वाभाविक आहे. अमेरिकेत २०११मध्ये यंत्राच्या कंपनीने थायरॉइडसाठीचा पाठिंबा काढून घेतला आणि तिथले हे काम काही मोजक्या केंद्रांपुरते उरले. अमेरिकन रुग्णांची जाड अंगकाठी आणि विखुरलेला अनुभव हीही त्यामागची कारणे होती.

म्हणून विचारायचे ते असे : वर्षाला थायरॉइड किती करता, त्यात रोबोटने किती? कायमचा आवाज बसलेले आणि कायमचे कॅल्शियम लागलेले तुमचे स्वतःचे रुग्ण किती? चांगल्या हातांत पहिले प्रमाण शंभरात एकाच्या आसपास आणि दुसरे एक ते तीन असते. मध्येच गळा उघडावा लागला तर तुम्हीच उघडणार की दुसरे कुणी? शस्त्रक्रियेआधी आणि नंतर स्वरयंत्र दुर्बिणीने तपासता का? प्रश्न विचारल्यावर रागावणारा सर्जन असेल तर उत्तर मिळालेच.

पैशाचे गणित

रोबोटची किंमत आणि देखभाल कोट्यवधींत जाते. शिवाय त्याच्या प्रत्येक हत्याराचे वापर मोजलेले असतात. ठरलेला आकडा संपला की यंत्र ते हत्यार स्वीकारतच नाही. हा खर्च बिलात 'रोबोटिक चार्जेस' म्हणून उतरतो. २०१९च्या विमा नियमांमुळे रोबोटिक शस्त्रक्रिया सरसकट नाकारता येत नाही, पण कंपनी त्यावर वेगळी मर्यादा घालू शकते. पाच लाखांची पॉलिसी आहे म्हणून पाच लाख मिळतील असे नाही. पॉलिसीतल्या 'आधुनिक उपचारपद्धती' या कलमासमोरचा आकडा वाचावा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ठरलेल्या पॅकेजवर काम होते. रोबोटचा वाढीव खर्च त्यात बसतो का हे भरती होण्याआधी आरोग्यमित्राकडून स्पष्ट करून घ्यावे.

शस्त्रक्रियेनंतरचे तीन दिवस आणि घरचा रस्ता

कोकणातल्या रुग्णासाठी व्रणाहून हा मुद्दा मोठा, आणि याची चर्चा सर्वांत कमी होते. दोन गोष्टी बिघडू शकतात, आणि दोन्हींची वेळ ठरलेली आहे.

पहिली, आत रक्त साचणे. शंभरात एक-दोघांना, बहुधा पहिल्या चोवीस तासांत. गळा फुगतो, आवळल्यासारखे होते, श्वास घ्यायला त्रास होतो. अशा वेळी खाटेवरच टाके उघडून रक्त मोकळे करावे लागते. ऑपरेशन थिएटरपर्यंतही वाट पाहता येत नाही. म्हणून 'आज शस्त्रक्रिया, संध्याकाळी घरी' ही सोय शहरातल्या माणसाला ठीक. देवगड, गुहागर, मंडणगडच्या रुग्णाने किमान पहिली रात्र रुग्णालयात काढावी.

दुसरी, कॅल्शियम उतरणे. पूर्ण ग्रंथी काढलेल्या दर चार-पाच जणांत एकाला हे तात्पुरते होते. सर्वांत खाली ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जाते, म्हणजे नेमके डिस्चार्ज घेऊन मांडवी किंवा तुतारी एक्स्प्रेसमध्ये बसल्यावर, नाहीतर आंबा घाट उतरताना. ओठांभोवती मुंग्या, बोटांची टोके झिणझिणणे, मग हाताची बोटे आपोआप जुळून वळणे. कानापुढे गालावर बोटाने टिचकी मारली की ओठाचा कोपरा उडतो. नर्स तपासताना हेच करते. डिस्चार्जच्या आधी रक्तातले कॅल्शियम आणि पॅराथायरॉइड हार्मोन तपासले का, ते विचारावे. कॅल्शियमच्या गोळ्या आणि त्या किती वाढवायच्या याची सूचना चिठ्ठीवर हवी. मुंग्या सुरू झाल्या तर डॉक्टरांनी सांगितलेली जादा गोळी लगेच घ्यायची. पेटके येऊ लागले तर पुढच्या स्टेशनावर उतरून रुग्णालय गाठायचे, घरापर्यंत थांबायचे नाही. शिरेतून कॅल्शियम दिले की अर्ध्या तासात फरक पडतो.

पुढच्या तपासणीसाठी पुन्हा कुठे जाणार हेही आधी ठरवावे. मुंबईत शस्त्रक्रिया करून घेतली तरी टाके बघायला आणि कॅल्शियम तपासायला जवळचे कुणीतरी हवे, आणि त्या डॉक्टरला काखेतला बोगदा नवीन असू शकतो. तिथे पाणी साचले तर ते छातीवर फुगते, गळ्यावर नाही. रोबोटने केले असेल तर शस्त्रक्रियेच्या नोंदीचा कागद जवळ ठेवा.

'आम्ही तर रोज मासे खातो, आम्हाला थायरॉइड कसा?'

आयोडीन कमी पडल्याने होणारा गलगंड वेगळा आणि कॅन्सर वेगळा. पॅपिलरी कॅन्सर भरपूर आयोडीन मिळणाऱ्या प्रदेशांतही होतो. लहानपणी मानेला झालेले रेडिएशन हे त्याचे सिद्ध झालेले कारण, काही कुटुंबांत अनुवंशिकता. बांगड्याचा यात दोष नाही, आणि बांगड्याने बचावही होत नाही.

मासे आड येतात ते रेडिओआयोडीनच्या वेळी. शस्त्रक्रियेनंतर काहींना किरणोत्सारी आयोडीनचा डोस देतात, म्हणजे उरलेल्या थायरॉइड पेशी तो शोषून मरतात. कमी धोक्याच्या रुग्णांना तो लागतोच असे नाही. पण लागणार असेल तर आधी एक-दोन आठवडे शरीर आयोडीनला उपाशी ठेवावे लागते. मासे, कोळंबी, तिसऱ्या, सुकट, सुके बोंबील बंद. आयोडीनयुक्त आणि समुद्री मीठ बंद, म्हणून बाजारचे लोणचे-पापडही बंद. दूध-दही, अंड्याचा बलक, बेकरीचे पाव-बटर बंद. चालते ते : भात, नाचणीची भाकरी, कुळथाची पिठी, भाज्या, फळे, ओले खोबरे, सगळे 'आयोडीनविरहित' असे पाकिटावर छापलेल्या मिठात. सोलकढीही त्याच मिठात चालते. सुकटाची चटणी 'थोडीशी' चालत नाही. आणि या आधी रंगद्रव्य टोचून सीटी स्कॅन झाला असेल तर डॉक्टरांना सांगा. त्या द्रव्यातले आयोडीन डोसला एक-दोन महिने मागे ढकलते.

गोळी आणि तपासण्या

ग्रंथी पूर्ण गेली की थायरॉक्सिनची गोळी रोज. उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर, आणि पहिला चहा किमान अर्ध्या तासाने. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी तिच्यापासून चार तास लांब. दोन्ही एकत्र घेतल्या की थायरॉक्सिन नीट शोषले जात नाही, आणि मग डोस वाढवत बसतात. गोळीला ओल सोसत नाही. पावसाळ्यात डबीचे झाकण घट्ट लावून ती कोरड्या, उजेड नसलेल्या जागी ठेवावी. चुलीजवळच्या फळीवर नको, आठवड्याच्या गोळ्या उघड्या काढून ठेवणेही नको. डोस पुरतो का हे सांगणारी टीएसएच ही रक्ततपासणी डोस बदलला की सहा ते आठ आठवड्यांनी करायची, त्याआधी तपासून अर्थ नसतो.

त्यानंतर सहा महिने ते वर्षाच्या अंतराने मानेची सोनोग्राफी आणि थायरोग्लोब्युलिन, त्याच्या जोडीला त्याविरुद्धच्या अँटिबॉडीजची तपासणी. त्या वाढलेल्या असतील तर थायरोग्लोब्युलिनचा आकडा खोटा कमी दिसतो. ही रक्ततपासणी चिपळूण, रत्नागिरी किंवा कुडाळात नमुना देऊन होते, पण दर वेळी एकाच प्रयोगशाळेकडून करून घ्यावी. दोन प्रयोगशाळांच्या यंत्रांचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत, आणि ०.५ चे १.१ झाले म्हणून विनाकारण रात्रीच्या गाडीने मुंबईत परळचे कॅन्सर रुग्णालय गाठावे लागते.